खीळ

वकिलाच्या काळ्या कोटाच्या खिशात काय सापडेल याचा नेम नसतो. गेल्या ज्येष्ठातली गोष्ट. दांडेलीच्या कोर्टात उलटतपासणी चालू असताना पेन काढण्यासाठी मी खिशात हात घातला आणि हाती आली ती बोटभर लांबीची, स्प्रिंगचे कडे असलेली लोखंडी पिन! साक्षीदार दचकला, आता हा वकील मुद्देमालच पुढे करतो की काय, असे त्याला वाटले असावे. पण खरा दचकलो होतो मी. ती पिन आमच्या ट्रॅक्टरची होती. सकाळी कोर्टाला निघण्यापूर्वी दादाला मदत म्हणून मी ट्रॉली सोडवली होती आणि पिन 'क्षणभर' खिशात टाकली होती.

ट्रॅक्टर दिसतो धिप्पाड. पण त्याचा सारा पराक्रम मागच्या दोन-चार खिळ्यांवर लोंबकळत असतो. नांगर किंवा रोटाव्हेटर जोडायला खाली दोन दांड्या आणि वर एक. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसाची ही तिकोनी जोडणी १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरावर आली आणि पुढे जगभर पसरली. लहान ट्रॅक्टरांत खालच्या जोडाची जाडी २२ मिलिमीटर, वरच्याची १९. ट्रॉलीला मात्र एकच जाड खीळ, वरून खाली सोडलेली. तिच्या खालच्या टोकाला भोक असते आणि त्या भोकात ही छोटी पिन. ही बिचारी काहीच ओढत नाही. मोठी खीळ धक्क्याने वर उसळू नये, एवढेच पाहते. म्हणूनच ती हरवते! सोडवताना माणसाचे सगळे लक्ष जड वस्तूकडे. हिला तो मडगार्डावर, बांधावर, नाही तर खिशात ठेवतो. चिखलणीच्या दिवसांत तर ती हातातून निसटली की संपलेच. चिखल आणि ती एकाच रंगाची होतात.

जुने सुपे धरणाच्या पाण्याखाली गेल्यावर वडील रामनगरला आले आणि त्यांनी नव्याने शेत उभे केले, ते बैलांवर. जुवाची शिवळ हरवली तर ते कोयता घेऊन रानात शिरत आणि तासाभरात नवी तासून आणत. लोखंडाची पिन रानात उगवत नाही.

त्या संध्याकाळी घरी पोहोचलो तेव्हा ट्रॉली उताराच्या तळाशी, एका किंदळाच्या बुंध्याला टेकून तिरकी उभी होती. पिन सापडेना म्हणून दादाने भोकात तार पिळून घातली होती. शेणखत भरून चढणीला लागल्यावर तार तुटली, खीळ उसळली आणि ट्रॉली मागे सुटली. मागून चालणारे आमचे म्हातारे गडीकाका बांधाखाली उडी टाकून वाचले. गुडघा खरचटला, एवढेच. बुंधा दोन हात अलीकडे असता तर काय झाले असते, याचा विचार मी अजूनही पुरा करू शकत नाही.

माझ्यातला वकील त्याही वेळी जागा होता. तार घालण्याची कृती माझी नव्हे. मध्ये दुसऱ्याची कृती आली की कारणांची साखळी तुटते, असा युक्तिवाद त्याने मनात मांडून पाहिला. तो काकांच्या गुडघ्यापर्यंत पोहोचला आणि तिथेच थांबला. मी पिन दादापुढे धरली. त्याने ती घेतली आणि विचारले, "कोर्टात फार उकडलं का रे आज?"

दुसऱ्या दिवशी त्याने प्रत्येक पिनेला वीतभर साखळी लावून ती त्या त्या दांडीलाच अडकवली. कडी तांबड्या रंगाने रंगवली. अवजार काढले की पिन तिच्याच भोकात परत घालायची, हा नियम केला. दोन जादा पिना डब्यात घालून डबा सीटखाली बांधला. तार, खिळा, काटकी यांना कायमची बंदी. तेव्हापासून एकही हरवलेली नाही.

अध्यात्म रामायणात कैकेयीची एक कथा आहे. युद्धात दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ तुटून पडली. राजाला पत्ताही नव्हता. तिने त्या भोकात आपला हात घातला आणि रथ सावरून धरला. त्याचेच ते दोन वर आणि त्यापायीच रामाचा वनवास. खिळीची किंमत याहून अधिक कोणी सांगावी?

पण मला त्या कथेतले दुसरेच काही टोचते. वडील गेल्यावर मी बेळगावला कायदा शिकत होतो. दादाने शाळा सोडली आणि शेत धरले. घराच्या रथात जिथे दोघांचे हात हवे होते तिथे त्याने एकट्याने आपला घातला, आणि मला पत्ताही नव्हता. त्याने वर मागितला नाही; एकही नाही. आणि त्या दिवशी माझ्या बॅगेत, अशिलांच्या कागदांखाली, आमच्या वाटणीपत्राचा मसुदा होता. उद्या दाखवू, परवा दाखवू म्हणून मी तो महिनाभर वागवीत होतो.

तो मसुदा मी पुन्हा लिहायला घेतला आहे. धरणाच्या पाण्यानंतर वडिलांनी उभे केलेले शेत दादाच्या नावे राहील. माझ्या वाट्याला मी एकच वस्तू लिहून घेतली आहे : ती जुनी पिन. साखळीसकट.