तक्रारीची वाट

नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये मी सर्व्हर सांभाळतो. नव्या पोरांची एक सवय तिथे माझ्या डोळ्यांत खुपते. स्क्रिप्टमधल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एररची रवानगी थेट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे जे येईल ते गिळून टाकणाऱ्या फाइलमध्ये. विचारलं की उत्तर तयार: "सर जी, स्क्रीन साफ दिखती है." दिसते खरी. बॅकअप चार दिवस झालेला नसला तरी साफच दिसते.

प्रत्येक प्रोग्रामला सुरू होतानाच तीन वाटा मिळतात: ० आत येण्याची, १ उत्तराची, २ तक्रारीची. पडद्यावर १ आणि २ एकत्रच सांडतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे पटकन ध्यानात येत नाही. ही २ नंबरची वाट युनिक्समध्ये पहिल्यापासून नव्हती. बेल लॅब्समध्ये सत्तरच्या दशकात फोटोटाइपसेटर आला. त्याच्याकडे मजकूर पाठवावा आणि नेमकी फाइल सापडू नये. मग 'फाइल उघडत नाही' एवढं एकच वाक्य महागड्या कागदावर सुबक टायपात छापून यायचं! असे कागद वाया जायला लागले तेव्हा तक्रारीला स्वतंत्र वाट मिळाली, अशी आठवण तिथल्या स्टीव्ह जॉन्सन यांनी सांगितली आहे. मला ती फार आवडते.

या वाटा '>' ने फाइलकडे वळवता येतात. खरी मेख आहे ती वळवण्याच्या क्रमात. '> नोंद 2>&1' लिहिलं तर उत्तर आणि तक्रार दोन्ही नोंदीत जातात. '2>&1 > नोंद' लिहिलं तर तक्रार पडद्यावरच राहते. शेल डावीकडून उजवीकडे वाचतो आणि 2>&1 म्हणजे '१ या क्षणी जिकडे जातोय, तिकडेच २ लाही पाठव'. पुढे १ वळला तरी २ त्याच्या मागे जात नाही. पत्ता उतरवून घेतलेला असतो. घर बदललं तर ज्याचं त्याने पाहावं. मुलाखतीत मी हा प्रश्न हमखास विचारतो. पाठ केलेले पुष्कळ भेटतात, कारण सांगणारे थोडे.

दुसरी गोष्ट म्हणजे फाइल शेल उघडतो, कमांड नव्हे, आणि तेही कमांड सुरू व्हायच्या आधी. म्हणून 'सॉर्ट यादी > यादी' लिहिलं की सॉर्टच्या हाती कोरी फाइल येते. कमांडचं नाव चुकलं तरी फाइल रिकामी होतेच. 'सुडो' लावूनही '>' ला परवानगी नाकारली जाते ती याचमुळे: अधिकार कमांडला मिळाले, फाइल उघडणारा शेल मात्र साधाच राहिला. तिथे पाइप करून 'सुडो टी' वापरावं. मी स्वतः नोक्लॉबर चालू ठेवतो, म्हणजे असलेल्या फाइलवर '>' मुकाट्याने लिहीत नाही. मुद्दाम पुसायचंच असेल तर '>|' आहे.

डेव्ह-नलशी माझं वैर नाही. आख्ख्या डिस्कवर 'फाइंड' चालवताना परवानगीच्या शेकडो ओळी कोण वाचणार? पण रात्री क्रॉनमधून चालणाऱ्या कामाला समोर पडदाच नसतो. तिथे २ साठी वेगळी फाइल हवी. मागच्या आठवड्यात हे सांगितलं तर एक जण म्हणाला, "सर जी, डिस्क भर जाएगी." मुद्दा रास्त होता. जुन्या नोंदी छाटणारं लॉगरोटेट लावायचं काम त्यालाच दिलं.