लंडन किती तासांवर आहे?

मंडळी, तुमच्या भावकीतला कोणी परदेशी असेल तर हे जरा नीट वाचा. माझ्या हातून झालेली चूक सांगतो आहे.

आमचे गाव अंबड तालुक्यात. थोरला पुतण्या लंडनला नोकरीला. 2024 च्या जानेवारीत एका पहाटे 4 वाजता दादा गेले. ओसरीवर माणसे जमली आणि पहिला प्रश्न आला, "पोरगं कधी पोचतंय?" गावात मी शिकलेला समजला जातो. बोलून गेलो, "विमान नऊ तासांचं. संध्याकाळी घरी येतो." झाले, दिवस मावळायच्या आत माती करायचे ठरले.

नऊ तास हा आकडा खोटा नव्हता. लंडन ते मुंबई हवेतून सुमारे 7,200 किलोमीटर. शिवाय येताना वारा पाठीशी असतो. तीस-पस्तीस हजार फुटांवर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो. म्हणून जायला तासभर जास्तच लागतो. वाऱ्याच्या तोंडी सायकल हाणणाऱ्याला हे सांगायला नको. पण हा हिशेब विमान उडाल्यापासून टेकेपर्यंतचा. घरापासून घरापर्यंतचा नव्हे.

आपल्याकडे पहाटेचे 4, तेव्हा तिकडे आदल्या रात्रीचे साडेदहा. त्याला विमान मिळाले तिथल्या सकाळी 10 चे, म्हणजे आपल्या दुपारी साडेतीनचे. तीन वाजता त्याचा फोन आला, "काका, आता विमानात बसतोय." माझ्या पायांखालची जमीन सरकली.

तोवर सरण रचून झाले होते. चार गावचे सोयरे सकाळपासून उपाशी बसलेले. वहिनी एकच म्हणत होत्या, "त्याला एकदा तोंड बघू द्या." रात्रभर मयत ठेवायला जुनी माणसे तयार होईनात. धाकट्या पुतण्याने अग्नी दिला. पहाटेच मी खरा हिशेब सांगितला असता तर जालन्याहून बर्फाची पेटी आणता आली असती.

तो मुंबईला उतरला रात्री साडेबाराला. पासपोर्टाची रांग, बॅग, टॅक्सी, यात दोन वाजले. चिकलठाण्याचा विमानतळ मुंबईहून हवेतून जेमतेम 280 किलोमीटर, पण सकाळच्या विमानासाठी थांबायचा धीर त्याला नव्हता. नाशिकच्या रस्त्याने निघून पुढे समृद्धी धरली. सकाळी 10 ला थेट स्मशानात आला. राख अजून गरम होती. मला काही बोलला नाही.

समृद्धी महामार्ग जून 2025 पासून पूर्ण खुला झाला आहे, तेवढा वेळ वाचेल. बाकीचे आपल्या मुलाला आजच विचारून ठेवा: त्याच्या घरापासून विमानतळ किती लांब, विमाने कोणत्या वेळेला, आणि ती वेळ कुठल्या घड्याळाची. उड्डाणाआधी तीन तास तिथे हजर व्हावे लागते, तेही धरा.

वहिनींनी देवघराशेजारच्या भिंतीवर मुलाचा फोन नंबर खडूने लिहिलेला आहे. त्याखाली आता '30 तास' असे लिहिले आहे.