छत्तीस फोटोंचा रोल

खेळाचे आणि वन्यजीवांचे छायाचित्रण हे वरवर पाहता दोन वेगळे छंद असले, तरी कॅमेऱ्याकडे त्यांचे मागणे एकच असते, कारण दोन्हींकडे समोरचा विषय कोणाचे ऐकणारा नसतो, तो दूर असतो, सतत हलत असतो आणि उजेड बहुधा अपुरा असतो. लग्नातल्या नवरा-नवरीला पुन्हा एकदा हार घालायला सांगता येते. कबड्डीतल्या चढाईपटूला पुन्हा बोनस रेषा गाठायला किंवा खंड्याला पुन्हा पाण्यात सूर मारायला सांगता येत नाही. म्हणूनच हातातला कॅमेरा धडधाकट असताना नवा घ्यावा का, हा प्रश्न या दोन जातींच्या छायाचित्रकारांना इतरांपेक्षा लवकर छळू लागतो. कल्याणात राहून गेली अनेक वर्षे हौसेने फोटो काढणारा प्रस्तुत लेखक याला अपवाद नाही.

कल्याणला आगगाडी पोहोचली ती १ मे १८५४ रोजी, आणि त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, जिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. त्या काळच्या काचेच्या प्लेटवर चित्र उमटायला काही सेकंद लागत, त्यामुळे समोरच्या माणसाला श्वास रोखून बसावे लागे आणि जे हलेल ते धुक्यासारखे पुसट होई. धावणारा घोडा तुकड्यातुकड्यांत पकडण्याचे काम एडवर्ड मायब्रिज याने १८७८ मध्ये कॅमेऱ्यांची रांग मांडून केले, आणि १८८२ मध्ये फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे याने बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा तयार केला, जो सेकंदाला १२ चित्रे घेई. मारेला त्यातून पक्ष्यांच्या उड्डाणाचा अभ्यास करायचा होता. आज ज्याला ‘बर्स्ट’ म्हणतात, म्हणजे बटण दाबून धरले असता लागोपाठ निघणारी फोटोंची माळ, तिचा उगम असा थेट पक्ष्यापाशी जातो, ही गोष्ट दुकानातला विक्रेता सहसा सांगत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या घरात कॅमेरा आला तो बडोद्यात तयार होणारा अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री. १२० क्रमांकाच्या रोलवर त्यात चौरस आकाराचे १२ फोटो निघत, आणि ऊन की ढग एवढीच निवड हातात असे. शटर, म्हणजे प्रकाश आत सोडून पुन्हा अडवणारा पडदा, एकाच संथ वेगाने उघडे. घरातला दंडक असा होता की एक रोल गणपतीला भरायचा आणि तो दिवाळीपर्यंत पुरवायचा. सुभाष मैदानावर चाललेल्या कबड्डीचा एक फोटो त्या कॅमेऱ्याने काढला गेला होता. त्यात मैदान, मंडप आणि प्रेक्षक स्वच्छ आले आहेत, खेळाडूंच्या जागी मात्र सात-आठ करडे फराटे आहेत. तो अजून अल्बमात आहे आणि मारेच्या आधीच्या काळातला म्हणून सहज खपेल.

त्यानंतर, १९९०चे दशक संपता संपता, निकॉनचा एफएम-१० आला. हा एसएलआर जातीचा कॅमेरा, म्हणजे ज्यात लेन्समधून येणारा प्रकाश एका आरशावरून वर वळून डोळ्याला दिसतो आणि बटण दाबल्यावर आरसा उचलला जाऊन तोच प्रकाश फिल्मवर पडतो. त्याचे शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत जाई, त्यामुळे फराटे बंद झाले. पण फोकस हाताने फिरवावा लागे, दर फोटोनंतर रोल अंगठ्याने पुढे सरकवावा लागे, आणि रोलमध्ये फोटो ३६च असत. रोल, तो धुवायला टाकण्याचा खर्च आणि प्रिंट हे सगळे जमेस धरले तर प्रत्येक बटणामागे काही रुपये खर्ची पडत, आणि ते कोणत्या फोटोवर पडले याची नोंद एका वहीत केली जाई: तारीख, ठिकाण, उजेड, शटरचा वेग. त्या वह्यांवरून आज एक गोष्ट ध्यानात येते, की एका रविवारच्या सकाळी गांधारी पुलापाशी नदीकाठी तीन-तीन तास घालवून परतताना खर्च झालेले फोटो क्वचितच दहाच्या वर गेलेले दिसतात. बोट बटणावर असे, पण दाबले जात नसे.

डिजिटलकडे वळणे हा बदल सर्वांत मोठा असूनही सांगण्याजोगे त्यात फार थोडे आहे. रोलचा खर्च गेला, वही बंद पडली आणि हार्डडिस्क भरू लागली. २०१६ मध्ये घेतलेला निकॉनचाच डी-७२०० आणि त्यासोबतची २०० ते ५०० मिलिमीटरची लेन्स हीच जोडी आजवर टिकली आहे. या लेन्सचे वजन २.३ किलो आहे, आणि सकाळच्या कसारा लोकलमध्ये ती पाठीवर घेऊन उभे राहिलेल्या माणसाकडे सहप्रवासी ज्या नजरेने पाहतात तिच्यात आदर नसतो.

आता प्रश्न असा की या जोडीत नेमके कमी काय पडते. बाजारात आज मिररलेस कॅमेऱ्यांचे राज्य आहे. त्यांत आरसाच नसतो, प्रकाश टिपणारा सेन्सर फोकसही स्वतःच जमवतो, आणि आरसा उचलण्या-टेकवण्याचा वेळ वाचल्यामुळे सेकंदाला २० किंवा अधिक फोटो निघू शकतात. म्हणजे एफएम-१० मधला जो रोल एका रविवारी संपत नसे, तो येथे दोन सेकंदांच्या आत संपेल. डी-७२०० सेकंदाला सहापर्यंत फोटो काढतो, आणि रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरवर उमटलेली सगळी माहिती काहीही न गमावता साठवायची म्हटल्यास, १८ फोटोंच्या आसपास त्याचा बफर भरतो. बफर म्हणजे कार्डावर लिहिले जाण्याआधी फोटो जेथे तात्पुरते थांबतात ती जागा. ती भरली की कॅमेरा अडखळतो.

हे अडखळणे महाग कोठे पडते, ते कवड्या खंड्यापाशी कळते. हा काळा-पांढरा पक्षी पाण्यापासून काही मीटर वर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, चोच सरळ खाली, शरीर लटपटत असले तरी डोके खिळा ठोकल्यासारखे स्थिर. असा तो काही सेकंद टांगून राहतो आणि मग पंख मिटून दगडासारखा कोसळतो. छायाचित्रकार तो हवेत थांबताच बटण दाबतो, तीन सेकंदांत बफर भरतो, आणि पक्षी खाली सुटतो त्या क्षणी कॅमेरा आधीचे सगळे एकसारखे फोटो कार्डावर उतरवण्यात गुंतलेला असतो. अशी अठरा-अठरा फोटोंची कितीतरी पुडकी प्रस्तुत लेखकाच्या संग्रहात आहेत, ज्यांत पक्षी टांगलेला आहे आणि पुढच्या फोटोत पाण्यावर फक्त वर्तुळे आहेत. दोष बफरला देणे सोपे आहे, पण एफएम-१० हातात असता तर हे बोट त्या तीन सेकंदांत थांबले असते, कारण टांगलेल्या खंड्यावर रोल उधळण्याची ऐपतच नव्हती.

कबड्डीचा हिशेब वेगळा आहे. कल्याण-डोंबिवलीच्या आसपासच्या आगरी-कोळी गावांत हिवाळा सरता सरता रात्रीचे सामने रंगतात आणि ते फ्लडलाइटखाली होतात. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा तिच्यापुढे एक मीटरवर असते. चढाईपटूचा एक चवडा बोनस रेषेपलीकडे टेकतो आणि मागचा पाय त्याच वेळी हवेत असतो, तो क्षण टिपायचा तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा संथ चालत नाही. लांब लेन्सचे छिद्र ५.६ च्या पुढे उघडत नाही, त्यामुळे आयएसओ, म्हणजे सेन्सरच्या संकेताचे कृत्रिम वर्धन, इतके वाढवावे लागते की खेळाडूच्या अंगावर धूळ आहे की फोटोतले दाणे आहेत हे सांगता येत नाही. येथे सेकंदाला वीस फोटो काढणारी बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, घेतली तर दाणेदार फोटो वीस मिळतील. ८५ मिलिमीटरची, १.८ पर्यंत उघडणारी लेन्स मात्र सुमारे दहापट प्रकाश आत घेते, आणि मैदानाच्या कोपऱ्यात मांडी घालून बसणाऱ्याला ८५ची पोहोच पुरते. तिची खोट अशी की छिद्र पूर्ण उघडले असता चवडा रेखीव येतो आणि पकडीला झेपावणाऱ्याचा चेहरा पुसट. छिद्र थोडे मिटून हे बरेचसे सावरता येते.

नव्या बॉडीच्या बाजूनेही बोलायला हवे. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण वेगवान शटरला जाणवते आणि लागोपाठच्या फोटोंत एक उजळ, एक काळवंडलेला असा प्रकार होतो. निकॉनच्या २०१६ मध्ये आलेल्या डी-५०० मध्ये यावर उपाय कॅमेऱ्यातच मिळतो, डी-७२०० मध्ये तो नाही. त्याहून मोठी उणीव खाडीवर जाणवते. हिवाळ्यात येणारे कुरव पक्षी खारफुटीच्या हिरव्या भिंतीसमोरून उडतात तेव्हा जुन्या कॅमेऱ्याचा फोकस पक्षी सोडून पाठीमागच्या पानांना जाऊन चिकटतो, आणि आजचे मिररलेस कॅमेरे पक्ष्याचा डोळा ओळखून त्यालाच धरून राहतात. या बाबतीत जुनी मंडळी ‘कॅमेरा नव्हे, डोळा महत्त्वाचा’ असे जे म्हणतात ते अर्धवट खरे आहे. ज्याने शंभर कुरव गमावले आहेत तो तसे म्हणणार नाही.

तरीही अंतराचा प्रश्न उरतोच. पक्ष्यापासूनचे अंतर निम्मे झाले की फोटोत तो चौपट क्षेत्र व्यापतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने ४० मीटरवरून जे मिळते ते २० मीटरवर चौपट होते, आणि ९६ मेगापिक्सेलची, पक्ष्यामागे धावू शकणारी बॉडी दुकानात सहजासहजी मिळत नाही. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात वाघाच्या वाटेवर कॅमेरा ठेवून, तारेला वाघाचाच पाय लागून फोटो निघेल अशी योजना केली होती आणि त्यावरचे त्यांचे पुस्तक १९२७ मध्ये आले. त्यांच्या कॅमेऱ्यात वेग नव्हता, पण वाघ कोठून जाणार हे त्यांना ठाऊक होते. उलट दिशेचे उदाहरण कल्याणचेच आहे: नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला एका इमारतीत बिबट्या शिरला, तेव्हा जी दृश्ये घरोघर फिरली ती मोबाइलवर टिपलेली होती. पाचशे मिलिमीटरची लेन्स जिन्यात उघडता येत नाही.

हे सगळे मांडून झाल्यावर निर्णय फारसा अवघड राहिला नाही. डी-७२०० चे शटर सुमारे दीड लाख वेळा उघडण्याच्या हिशेबाने बनवलेले आहे आणि ते अजून तेथवर पोहोचलेले नाही, तेव्हा बॉडी तूर्त तीच राहील. शटर थकले की जुना डी-५०० घ्यावा की थेट मिररलेसकडे जावे, हे त्या वेळच्या भावावर ठरेल, आणि ज्याचा सगळा जीव उडत्या पक्ष्यांत आहे त्याने मात्र इतके थांबू नये. फोर्टातल्या बोरा बझारातून ८५ मिलिमीटरची एक वापरलेली लेन्स नव्या बॉडीच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात घेतली आहे. खाडीवर जाण्याचे दिवस आता सुट्टी पाहून नव्हे तर ओहोटीची वेळ पाहून ठरतात, म्हणजे चिखलात पुढे सरकता येते, आणि त्यासाठी लाद्या बसवणारे कारागीर वापरतात तसले गुडघ्यांचे रबरी पॅडही घेतले आहेत. खंड्यासाठी कॅमेऱ्यावर एकच बदल केला आहे: बर्स्ट बंद, एका दाबाला एक फोटो. वही पुन्हा सुरू झाली आहे आणि तिच्या पहिल्या पानावर, गेल्या तीन रविवारच्या नोंदींत, खंड्याच्या सुराचा एकही फोटो नाही.