नाव घालून केलेली नक्कल

चित्रकलेच्या तासाला ‘बघून काढू नका’ हे मी इतक्यांदा म्हणत असे, की मुलांनी माझं तेच नाव पाडलं होतं. इलेमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं कॅलेंडरवरचे दोन डोंगर आणि मधला सूर्य निमूट उतरवायची. त्यांना ओरडण्यात माझं काही चुकत होतं असं आजही वाटत नाही.

कपाटाच्या दाराला आतून मात्र मी एक पान चिकटवलं होतं. कॉलेजात असताना जुन्या पुस्तकांच्या दुकानात जपानी चित्रांचं फाटकं पुस्तक मिळालं होतं, त्यातलं. चित्रकार सेश्शू तोयोचं ‘हिवाळा’. खाली चढणीला लागलेला टोपीवाला वाटसरू, वर झाडांमागे इमारतींची छपरं आणि चित्राच्या मधोमध एक काळी, जाड, अडखळत गेलेली रेघ. कड्याची कड आहे ती. वर जाते आणि धुक्यात अचानक थांबते. विशीत ती मला उद्धट वाटायची, म्हणूनच आवडायची. मूळ चित्र तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि जेमतेम दीड फूट उंच आहे, हे फार उशिरा कळलं. माझ्या डोक्यात ते भिंतभर होतं.

नोकरी लागल्यावर सेश्शू वर्गात आला तो उंदराच्या गोष्टीतून. लहानपणी त्याला देवळात ठेवलं होतं. पोथीपाठात लक्ष नाही म्हणून गुरूंनी खांबाला बांधलं, तर त्यानं जमिनीवर पडलेल्या आसवांत पायाचा अंगठा बुडवून उंदीर काढला. गुरूंना तो खराच वाटला. सेश्शू 1506 च्या सुमारास वारला आणि ही गोष्ट कानो एइनोनं नोंदवली ती सतराव्या शतकात, तेव्हा खरं-खोटं देव जाणे. एका पोरीनं मात्र लगेच पकडलं, ‘बाई, म्हणजे उंदीर त्यानं न बघता काढला!’

बाकी आयुष्यभर तो बघत होता. 1420 चा जन्म. क्योतोच्या शोकोकुजी या झेन मठात शूबुनच्या हाताखाली शिकला. तिथं शाईचे डोंगर काढायचे म्हणजे चीनचे डोंगर काढायचे आणि तेही बहुतेक चिनी चित्रांवरूनच. चीनच्या सोंग काळातले चित्रकार श्या क्वेइ, ली थांग, ल्यांग खाय यांच्या धर्तीची त्याची पंख्याच्या आकाराची चित्रं आहेत. त्यांवर मूळ चिनी चित्रकाराचं नाव आहे आणि सेश्शूचंही. हे मला पुस्तकात दिसलं तेव्हा मी चाळिशीत होते आणि तो मला प्रथमच नीट कळला. कॅलेंडर उतरवणारं पोर कुणाचं नाव घेत नाही; त्याला ते कुणी काढलं हेच ठाऊक नसतं. सेश्शू नाव घेऊन, समोरासमोर बसून नक्कल करतो. आमच्याकडे गाणारा गुरूंचं नाव घेताना कानाची पाळी धरतो, तसंच काहीसं.

1467 मध्ये, सत्तेचाळिशीच्या आसपास, तो चीनला निघाला. यामागुचीच्या ओउची घराण्याचा त्याला आश्रय होता आणि चीनच्या मिंग दरबाराशी व्यापार करणाऱ्या जहाजांत त्यांचंही जहाज होतं. त्याच वर्षी क्योतोत ओनिनचं युद्ध पेटलं. पुढे शोकोकुजीही जळालं. सेश्शू तिकडे चीनमध्ये निंगपोला उतरला. थिएनथोंगच्या मठात त्याला मानाचं आसन मिळालं. तिथून थेट पेकिंगपर्यंत गेला, वाटेतले डोंगर, घाट, माणसं बघत. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या ज्या चित्रांवरून तो शिकला, त्यांतले डोंगर आता जमिनीवर उभे होते. 1469 मध्ये परतला.

पुढचं मला सगळ्यांत आवडतं. 1495 मध्ये सोएन नावाचा शिष्य कामाकुराला परत निघाला. त्यानं मागितलं म्हणून सेश्शूनं त्याला शाईच्या फटकाऱ्यांचं एक चित्र दिलं. लांबून नुसते डाग. जवळ गेलं की दारूच्या गुत्त्याचं निशाण आणि होडीतली माणसं दिसतात. त्यावर त्यानं स्वतः लिहिलंय, की गुरू शोधायला चीनला गेलो, पण तिथं चांगले थोडेच. ली त्साय आणि आणखी एका चित्रकाराकडून काही शिकलो आणि परतल्यावर आपल्याच जोसेत्सु आणि शूबुन या चित्रकारांची थोरवी कळली. पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्यानं शिष्याला दिलेलं हे शिफारसपत्र म्हणा हवं तर, पण त्यातही नावांचा हिशेब चोख आहे.

निवृत्तीनंतर मी सेश्शूच्या सोळाएक मीटर लांब चित्रगुंडाळीपेक्षा त्याचं ‘आमानोहाशिदाते’ हे चित्र जास्त बघते. जपानच्या किनाऱ्यावरची खरीखुरी जागा: समुद्रात घुसलेली वाळूची चिंचोळी पट्टी, पाइनची झाडं, देवळं, मागे डोंगर. त्यात 1501 मध्ये बांधलेला पगोडा दिसतो, म्हणजे तेव्हा तो ऐंशी उलटलेला. अनेक कागद जोडून केलेलं काम आहे, बहुधा कच्चं. इतक्या उंचावरून ही जागा दिसेल असा डोंगर तिथं नाही. ती नजर त्यानं मनानं चढवली. समीक्षक म्हणतात, इथं तो अखेर पुरता जपानी झाला. मला नाही पटत. त्या डोंगरांना रेघ अजून चीनचीच आहे. फरक एवढाच, की या चित्रावर श्या क्वेइचं नाव नाही, ली त्सायचं नाही आणि सेश्शूची सहीसुद्धा नाही.