सर्दीची गोळी आणि शिकाऊ पायलट

आर्वीच्या एक ताई दवाखान्यात आल्या. मुलगा हैदराबादजवळ दुंडिगलच्या वायुसेना अकादमीत विमान उडवायला शिकतो. सुट्टी संपत आलेली, सोबत सर्दी. "गोळ्या लिहून द्या ना जी, तिथं सांगितलं तर उड्डाण थांबवतात."

थांबवतात ते बरंच! सर्दीत नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी सुजते. विमान खाली येताना बाहेरचा दाब वाढतो, पण कानात हवा शिरत नाही. असह्य दुखतं, पडदाही फाटू शकतो. वर सर्दीच्या अनेक गोळ्यांनी झापड येते. मुलाला हे शिकवलेलं असतं, बॅग भरणाऱ्या आईला कोण सांगणार?

दोघांना समोर बसवून समजावलं. तिथल्या डॉक्टरांना आधी सांगायचं, मगच गोळी.

ताईंनी बॅगेतून गोळ्यांच्या तीन पट्ट्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या.