काळ्या गाडीवरचं कोळिष्टक

पहाटे साडेपाचच्या सुमाराला खालून बादलीच्या कडीचा आवाज येतो. मग नळाचा, मग फडकं झटकल्याचा. आमचे गाडी धुणारे मामा आलेले असतात. एक बादली, दोन फडकी, आणि साडेआठच्या आत उरकायच्या बावीस गाड्या. गाडी पुसून झाली की मामा तिचे वायपर काचेपासून ओढून उभे करून ठेवतात. ही त्यांची सही. मालक खाली येतो, उभे वायपर बघतो, खाली पाडतो आणि निघून जातो. महिनोन्‌महिने दोघांची गाठ पडत नाही, पण व्यवहार चोख चालतो.

चार वर्षांपूर्वी मी काळी गाडी घेतली. काळी घेऊ नकोस, असं सांगणाऱ्यांमध्ये घरचे होते, शोरूममधला विक्रेता होता, आणि स्वतःची काळी गाडी विकून पांढरी घेतलेला एक मित्रही होता. पण पहिल्या दिवशी ती गुलमोहराखाली उभी केली आणि बॉनेटमध्ये झाड उलटं उतरलं, पानापानासकट. विहिरीत डोकावल्यावर दिसतं तसं. त्या काळेपणाला खोली होती. त्यापुढे सगळ्यांचे सल्ले फिके पडले.

पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत कोकणातून परतलो तेव्हा गाडी तांबड्या मातीनं काचेपर्यंत माखलेली होती. वाटेतल्या एका पंपावर स्वयंचलित धुलाईचं यंत्र दिसलं. गाडी चौकटीत उभी करायची, आरसे मिटायचे, काचा वर करून आत बसून राहायचं. मग ती चौकटच पुढे सरकत येते. आधी फेस पडला आणि दिवसाढवळ्या अंधारून आलं. मग दोन्ही बाजूंनी निळे ब्रश गरगरत आले, तिसरा आडवा ब्रश टपावर चढला. मागच्या सीटवर लेक टाळ्या पिटत होती. पाऊस अंगावर न घेता पावसाच्या पोटात बसण्याची ती मजा होती. दहा मिनिटांत गाडी लख्ख झाली आणि मी खूश होऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात बॉनेटकडे बघितलं, तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक, चंदेरी, गोल गोल जाळं. कोळ्यानं रात्रभर बसून विणावं तसं. गुलमोहर होता, पण त्याच्यावर धुकं पसरलं होतं. मी तडक त्या पंपावर गेलो. यंत्रापाशी उभ्या असलेल्या पोरानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, मशीन इम्पोर्टेड आहे." या वाक्याला उत्तर नसतं.

मग गाडी घेऊन गेलो ती आमच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये. तिथे डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये एक वयस्क पेंटर आहेत, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. उस्तादांनी शेडचे दिवे घालवले, हातात एक छोटी बॅटरी घेतली आणि प्रकाश बॉनेटवर धरला. जाळं उमटलं. बॅटरी वीतभर उजवीकडे नेली, तर जाळंही वीतभर उजवीकडे गेलं.

"बघा सर, गोल पळतंय का नाही? म्हणजे गोल ओरखडा नाहीच. ओरखडे सगळीकडे आहेत, वाटेल त्या दिशेचे. दिव्याभोवती जे आडवे पडतात तेवढेच चमकतात."

घरी येऊन मी स्टीलचं ताट खिडकीच्या उन्हात धरलं. तेच जाळं. आईनं तीस-चाळीस वर्षं काथ्यानं घासलेलं ताट, मागे तिचं नाव कोरलेलं. ताट हलवलं की वर्तुळंही हलत होती. लहानपणी या ताटात जेवताना दिव्याभोवतीची ही वर्तुळं मी शेकडो वेळा पाहिली होती आणि ताट खराब झालंय, असं एकदाही मनात आलं नव्हतं. ताटाला खोली नसते, म्हणून असेल. काळ्या रंगाकडून आपण विहिरीची अपेक्षा करतो, आणि मग पाण्यावरचा तवंग खुपतो.

ही विहीर प्रत्यक्षात किती खोल असते, ते उस्तादांकडून कळलं तेव्हा हसू आलं. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यांत वर पारदर्शक लॅकर, ज्याला ते नुसतं 'क्लिअर' म्हणतात. चारही थर मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन. वर्तमानपत्राची दोन पानं एकावर एक ठेवावीत, जवळपास तेवढी जाडी. त्यातलं क्लिअर चाळीस-पन्नास मायक्रॉनचं, म्हणजे एका पानाहूनही पातळ. ऊन, पाऊस, कबुतरांची कृपा, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग, सगळं त्या पानानं सोसायचं. ओरखडे या पानावरच पडतात, खालच्या रंगापर्यंत सहसा पोचत नाहीत. मशीननं पॉलिश करून ते घालवता येतात, पण घालवायचे म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं क्लिअरच उतरवायचं. "दर खेपेला थोडं खातो आपण," उस्ताद म्हणाले. "हौसेनं दर दिवाळीला पॉलिश करणारे लोक शेवटी माझ्याकडे रंग मारायला येतात."

पण मला दोषी हवा होता. ब्रशनंच केलं ना हे?

उस्तादांनी ब्रशला दोष दिला नाही. त्यांनी बॉनेटच्या कडेच्या खाचेत बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. बोटावर करडी, कुरकुरीत धूळ. काठिण्याच्या मोजपट्टीवर क्वार्ट्‌झ सातव्या पायरीवर असतो. खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. वाळूचे कण म्हणजे बहुतेक करून हाच क्वार्ट्‌झ. अर्धवट बांधलेल्या इमारतींमधून उडणारी वाळू, रस्त्यावर दळला जाणारा बसाल्ट, घाटातली माती, हे सगळं आमच्या गाड्यांवर रात्रभर बसतं. क्लिअर तर शेवटी प्लॅस्टिकच्याच जातीचं. ब्रश असो की मलमल, मधे हा कण आला की त्याची लेखणी होते.

हे रंग बनवणाऱ्यांनाही चांगलं ठाऊक आहे. धुलाईयंत्रापुढे रंग किती टिकतो हे तपासायची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ 20566. रंगवलेली पट्टी प्रयोगशाळेतल्या छोट्या धुलाईयंत्राखाली घालतात, वर ब्रश फिरवतात आणि आधीची नि नंतरची चकाकी मोजतात. गंमत अशी, की ब्रशवर सोडायच्या पाण्यात मुद्दाम क्वार्ट्‌झची बारीक पूड कालवतात, लिटरला दीड ग्रॅम. नुसता ब्रश आणि स्वच्छ पाणी घेतलं, तर परीक्षा फारच सोपी होईल. यंत्राची परीक्षा घ्यायची तर आधीच्या गाडीची घाण सोबत हवी.

फिरत्या ब्रशांची ही चौकट मूळची जर्मनीची. आउग्सबुर्ग गावातल्या दोघांनी 1962 मध्ये अशा स्वयंचलित यंत्राचं पेटंट घेतलं. सुरुवातीचे प्लॅस्टिकचे राठ ब्रश जाऊन पुढे टोकाशी चिरलेले मऊ तंतू आले, कापडाच्या झालरी आल्या, पाणी न पिणारा फोम आला. ब्रशच नको म्हणणाऱ्यांसाठी नुसत्या जोरदार पाण्यावर चालणारी यंत्रंही निघाली. पण हात न लावता मळ काढायचा तर रसायन तिखट लागतं, आणि तिखट रसायन मेणाचा थरही सोबत नेतं. माझी मावसबहीण शिकागोत राहते. तिच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते गाडीच्या पोटाला चिकटतं आणि पत्रा खातं. थंडीत बाहेर बादली घेऊन उभं राहिलं तर पाण्याचं बर्फ होईल. तिच्यासमोर मी जाळ्याचं रडगाणं गायलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, जाळं पडू दे. पत्रा तर राहतो ना!" तिचा हिशेब तिच्या गावी बरोबर आहे.

माझ्या गावचा हिशेब उस्तादांनी शेवटी मांडला. त्यांनी स्टूल आणलं, मला त्यावर चढवलं आणि टपावर बॅटरी धरली. टपाच्या मधोमध सरळ, समांतर, फिकट रेघा होत्या, पुढून मागे गेलेल्या. नीट आखल्यासारख्या. त्या मोजक्याच होत्या. मग त्यांनी प्रकाश टपाच्या कडेला आणला, तिथून दारावर, तिथून बॉनेटवर. तिथे रेघांचा नुसता गुंता होता. अर्धगोल, कमानी, उलटसुलट फराटे.

"यंत्राचा ब्रश एका दिशेनं फिरतो, त्याची रेघ सरळ येते. ही कमान हाताची. खांद्यापासून हात फिरला की अशीच रेघ उमटते." ते थांबले. "तुमचा गाडी पुसणारा उंचीनं कमी आहे का सर? टपाच्या मधे त्याचा हात पोचत नाही."

मी स्टुलावर तसाच उभा राहिलो. यंत्रानं मळ उतरवून जाळं उघडं केलं होतं. विणलं मात्र आमच्याच दाराशी गेलं होतं, रोज पहाटे, कोरड्या धुळीवर फिरणाऱ्या फडक्यानं, महिन्याच्या महिन्याला पगार देऊन. यंत्राच्या वाट्याला दहा मिनिटं आली होती, आमच्या वाट्याला दीडेकशे पहाटा.

मला बाबांची फियाट आठवली. गडद निळी. रविवारी सकाळी बाबा जुन्या धोतराचं फडकं घेऊन तिला पॉलिश करत, आणि फडकं निळं होई. त्या काळच्या रंगावर क्लिअरचं पान नव्हतं. उन्हानं उडालेला वरचा रंगच फडक्यावर उतरायचा. ते निळं फडकं बाबा अभिमानानं दाखवत, जणू गाडीनं दाद दिली होती. लाडानं गाडी झिजते, हे त्यांना दिसत होतं आणि ते त्यांना चालत होतं. आज फडक्यावर रंग उतरत नाही, म्हणून आपल्या हातानं काही झिजतंय हे कळतच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खाली उतरलो. मामा चौदाव्या गाडीवर होते. बादलीतलं पाणी चहासारखं झालं होतं. मी उस्तादांचं सगळं सांगितलं, भीतभीत. कुणाच्या कामात खोट काढायला पहाट ही वेळ बरी नव्हे.

मामांना राग आला नाही. ते बीडकडचे. गावी अडीच एकर आणि पूर्वी बैलजोडी होती. म्हणाले, "साहेब, हे मला सांगता होय! पोळ्याला बैल धुवायला वढ्यावर नेला की आधी त्याला पाण्यात उभा करायचा. चिखल भिजू द्यायचा. मग हात लावायचा. वाळल्या चिखलावर घासलं तर बैल लाथ मारतो." त्यांनी बॉनेटवर थाप मारली. "ही लाथ मारत न्हाई."

"मग मामा, गाडीलाही आधी भिजू द्या ना."

"बावीस गाड्या भिजवायच्या तर पाणी कुठनं आणू? नळाला साताला टाळं लागतं. अन् तोवर मालक लोक ऑफिसला निघालेले असतात."

हे खरं होतं. पाणी जपा, म्हणून सोसायटीनं लावलेल्या सूचनेखाली माझीच सही होती. मग मी तोड काढली. माझ्या गाडीला रोज हात लावायचाच नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी, दोन बादल्या: एक साबणाची, एक फडकं खळबळायची. आधी वरून पाणी, मग थोडा धीर, मग मऊ मायक्रोफायबर. पगारातून एक पैसा कापणार नाही.

मामा गप्प झाले. मला वाटलं, पगाराची काळजी असेल. पण नाही.

"साहेब, रोज धुळीनं भरलेली गाडी दिसली, तर बाकीचे म्हणतील, मामा येतच न्हाई."

याचा मी विचारच केला नव्हता. बावीस घरांमध्ये त्यांची जी अब्रू होती, ती पुसलेल्या गाड्यांवर उभी होती. माझ्या बॉनेटवरचं क्लिअर वाचवताना ती झिजायला लागणार होती, आणि तिच्यावर पॉलिश चालत नाही. आम्ही दोघंही थोडा वेळ गाडीकडे बघत उभे राहिलो.

तोडगा मामांनीच काढला. आता सोमवार ते शनिवार माझी काळी गाडी करडी होऊन उभी असते. गुलमोहराची बारीक पिवळी पानं तिच्यावर पडतात, मांजराच्या पावलांची नक्षी टपावरून काचेवर उतरते. बोट फिरवून कुणी तरी बदाम काढून जातं. त्या पोराला मात्र मी शोधतोय. आणि पहाटे बादलीची कडी वाजून गेली की अशा त्या धुळकट गाडीचे दोन्ही वायपर काचेपासून ओढून ताठ उभे केलेले असतात. शेजारचे गाडीकडे बघतात, वायपरकडे बघतात, काही बोलत नाहीत. मी खाली येतो, वायपर पाडतो आणि निघतो.