गोल शिक्क्यामागची सात वर्षं

नोटरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कोर्टाच्या गेटबाहेर झाडाखाली टेबल, वर छत्री, स्टॅम्प पॅड, लाल लाखेसारखं चिकटवलेलं सील आणि 'सही इथं करा, मॅडम.' पाच मिनिटांत खेळ खल्लास! म्हणूनच 'मला नोटरी व्हायचंय' असं मी जाहीर केलं तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या एका आयटीवाल्याने निरागसपणे विचारलं, "त्याला एलएलबी लागतं?"

लागतं रे बाबा. आणि नुसतं तेवढ्यावर भागतही नाही. 1952 चा नोटरी कायदा आणि 1956 चे नियम यांचा फंडा असा की, वकिलीची दहा वर्षं हवीत. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी उमेदवारांना सात. नेमणूक राज्य किंवा केंद्र सरकार करतं, सर्टिफिकेट पाच वर्षांचं, मग रिन्यू करायचं. एलएलएम केलं तर? छान वाटतं, शिकवायची दारं उघडतात, पण ते या सात वर्षांची जागा घेत नाही. नोटरीचं काम शिकवणारं वेगळं एलएलएम आपल्याकडे मी तरी पाहिलेलं नाही.

कॉलेजातली माझी मैत्रीण लग्नानंतर फ्रान्समध्ये लिऑनला गेली. तिच्याकडून ऐकलं आणि चाटच पडले. तिथे युनिव्हर्सिटीत नोटरीच्या कायद्याचं रीतसर मास्टर्स असतं, मग दोन वर्षं एखाद्या नोटरीच्या ऑफिसात पगारी उमेदवारी. घराचा व्यवहार नोटरीशिवाय पुरा होत नाही. लोक चक्क 'आमचा फॅमिली नोटरी' म्हणतात! इतकं लांब कशाला, आपल्या गोव्यात पोर्तुगीज वारशामुळे मृत्युपत्र आणि लग्नाआधीचा मालमत्तेचा करार सरकारी नोटरीसमोर होतो. त्यासाठीचा 2012 चा स्वतंत्र कायदा 2016 च्या डिसेंबरात लागू झाला.

आता खरी गोची सांगते. चौथ्या वर्षी मला एका कंपनीतून लीगल मॅनेजरची ऑफर आली. एसी केबिन, शनिवार-रविवार सुट्टी आणि माझ्या महिन्याच्या कमाईच्या तिप्पट पगार. पण बार कौन्सिलचा नियम सरळ आहे: पूर्णवेळ पगारी नोकरी धरलीत की प्रॅक्टिस बंद. म्हणजे माझं सात वर्षांचं मीटर तिथेच थांबणार. घरी होम लोन नुकतंच सुरू झालेलं. आई म्हणाली, "शिक्के मारायला एवढं शिकवलं का तुला?" नवरा काही बोलला नाही, फक्त ईएमआयचा कागद टेबलावर ठेवला. (बोलला असता तर बरं झालं असतं.)

त्याच महिन्यात सरांकडे साताऱ्याकडच्या एक आजी आल्या. त्यांच्या नावाचं कुलमुखत्यारपत्र दाखवून पुतण्याने जमीन विकायला काढलेली. कागदावर अंगठा, नोटरीचं सील, सगळं झकास. आणि नोटरीसमोर झालेलं कुलमुखत्यारपत्र कोर्ट आधी खरंच धरून चालतं; खोटं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. कागदावरच्या तारखेला आजी हॉस्पिटलात अ‍ॅडमिट होत्या. नोटरीने प्रत्येक कामाची नोंद रजिस्टरात ठेवायची असते. ते रजिस्टर मागवलं, तर त्या दिवशी आजींची नोंदच नव्हती. जमीन वाचली. 'समोर माणूस होता का?' एवढा एकच प्रश्न कुणीतरी वेळेवर विचारला असता, तर त्यांना कोर्टाची पायरी चढावीच लागली नसती. त्या रात्री मी ऑफर नाकारणारा ईमेल टाइप केला.

यात ग्लॅमर शून्य आहे. फी सरकारने ठरवलेली. लोक नोटरीकडे घटस्फोट 'करून' घ्यायला येतात. नोटरीला लग्न किंवा घटस्फोटाचे कागद करण्याचा अधिकारच नाही, हे केंद्राच्या कायदा विभागाला 2024 मध्ये पुन्हा बजावावं लागलं. पण एनआरआय मुलांची पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, बँकांचे दस्त, भाषांतरं, परदेशी जाणारे कागद... काम भरपूर आहे, आणि सोबत वकिलीही करता येते.

यंदा माझी सात वर्षं भरली. अर्जावर मॅजिस्ट्रेट, राष्ट्रीयीकृत बँकेचे मॅनेजर, एक व्यापारी आणि भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी यांच्या सह्या लागतात. व्यापारी म्हणून आमचे किराणावाले काका तयार झाले, तेही अर्ज दोनदा वाचून. मॅनेजरसाहेब मात्र सुट्टीवर आहेत. सोमवारी येतील म्हणे.